पैसे दोनदा कापले की चूक वयनीची!

दुकानात बसणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक रिकामी गोणपाटं आणि दुसरे किस्से. गोणपाटांचं बरं असतं, पावसाळ्यात दारात अंथरता येतात. किश्शांचं काय करायचं? कोणी बसायला आलं की सांगायचे. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. चहा सांगितलाय.

आमचं दुकान धसईच्या बाजारपेठेत, एसटीच्या थांब्यासमोर. कार्ड घासायची मशीनं आमच्या गावात नोटबंदीच्या वेळीच आली होती, त्यामुळे रोख न देता पैसे देण्याचं इथे कोणाला नवल नाही. वाडीवरची म्हातारीसुद्धा भाजीच्या पाटीला स्कॅनर अडकवून बसते. पण रेंज मात्र मनाला येईल तेव्हा येते. गिऱ्हाईक मोबाईलवर बटण दाबतं, पडद्यावर चक्र फिरत राहतं, त्याचा धीर सुटतो आणि ते पुन्हा दाबतं. मग दोन्ही वेळचे पैसे कापले जातात. दुकानदाराला मात्र एकदाचेच येतात. दुसऱ्यांदाचे मधल्यामध्ये कुठेतरी अडकतात आणि चार-आठ दिवसांनी आपले आपण गिऱ्हाईकाकडे परत जातात. पण चार-आठ दिवस थांबतो कोण? पैसे कापल्याचा मेसेज आला रे आला की लगेच प्रश्न, चूक कोणाची?

माझ्या दुकानात ह्याचं उत्तर ठरलेलं आहे. वयनीची! वयनी म्हणजे मी.

दुकान पूर्वी एकच होतं, सासऱ्यांचं. ते गेल्यावर सासूबाईंनी मधोमध प्लायवूड मारून दोन केली. मी मोठी सून, मला किराणा आला. मनीषा धाकटी, तिला कटलरी. म्हणजे मी दिवसभर तेलाचे डबे आणि तांदळाचे कट्टे ओढायचे, आणि हिने पावडर लावून टिकल्यांची पाकिटं झटकायची! हो, जळते मी तिच्यावर. लपवायचं काय त्यात? सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. आमचे हे मुरबाड-कल्याण जीप चालवतात, भावजी मुरबाडला कंपनीत आहेत. त्यामुळे दुकान म्हणजे आम्ही दोघी जावाच.

त्यातच रस्ता रुंद करायचा ठरला. माणसं आली, पडवीच्या खांबाला लाल रंग फासून गेली. पडवी जाणार, प्लायवूड निघणार आणि उरलेल्या जागेत एकच गल्ला बसणार. सासूबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "जिच्यावर गिऱ्हाईकाचा इस्वास, ती गल्ल्यावर बसंल. दुसरी माल काढून देईल. दिवाळीपातूर मी बगतंय."

तेव्हापासून त्या प्लायवूडच्या टोकाला खुर्ची टाकून बसायला लागल्या. एक डोळा माझ्या दुकानात, एक तिच्या. आता सांगा, मोठी सून असून मी मनीषाच्या हाताखाली माल काढायचा? मला रात्री जेवण जाईना.

*

सुरुवात बॉक्सपासून. पैसे आले की बोलतो तो डबा हो! दोघींनी एकाच माणसाकडून एकाच दिवशी घेतले. तिचा बोलतो मराठीत, बाईच्या आवाजात, अगदी लाडीगोडीने. "वीस रुपये प्राप्त झाले!" माझा बोलतो हिंदीत, बाप्याच्या आवाजात, आणि असा खेकसतो की पैसे देणारा दोन पावलं मागे सरकतो.

मी त्या माणसाला फोन केला. "मला पण बाईचा आवाज टाकून द्या."

"मॅडम, आवाज वरून सेट होऊन येतो."

"वरून म्हणजे? देव करतो?"

"नाय मॅडम, मुंबईवरून."

म्हणजे मुंबईला बसलेल्या माणसालाही कळलं, गोड कोणाला द्यायचं आणि कडू कोणाला! प्लायवूड पातळ, त्यामुळे तिचा बॉक्स बोलला की मला शब्दन् शब्द ऐकू येतो. माझा बोलला की सासूबाई कानावर पदर ओढून घेतात.

*

एका बाजाराच्या दिवशी वाडीवरचे गोमाभाऊ आले. लेकीला बांगड्या हव्या होत्या म्हणून आधी मनीषाकडे गेले. पैसे दोनदा कापले! भाऊंनी मेसेज वाचला आणि पोट धरून हसले.

"ह्या मोबाईलला काय अक्कल हाय का गो? दोनदा कापतंय लेकाचा!"

मनीषा म्हणाली, "असूं द्या भाऊ, मोबाईलच तो." आणि ड्रॉवरमधून रोख काढून त्यांच्या हातावर ठेवली. तिचा बॉक्स एकदाच बोलला होता, मी ऐकलं ना! तरी दिली. तिची पद्धतच ती. गिऱ्हाईकाने तोंड उघडायच्या आत ड्रॉवर उघडायचा.

भाऊ तिला तोंडभरून आशीर्वाद देत उठले आणि प्लायवूडला वळसा घालून माझ्याकडे आले. तेलाची पिशवी घेतली. माणूस तोच, मोबाईल तोच, बँक तीच, रेंज तीच. पुन्हा दोनदा कापले.

भाऊंचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"वयनी, धंद्यात असं बरं नाय."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "हं." बस, एवढंच. त्या एका "हं"ने मी गल्ल्यापासून चार हात लांब गेले.

*

शाळेतल्या एक बाई रोज मुरबाडहून ये-जा करतात. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी माझ्याकडून गूळ घेतला. तेवढ्यात एसटी सुटायला आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बाईंच्या मोबाईलवर चक्र फिरतंय. एक पाय पायरीवर ठेवून त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि गेल्या.

गाडी मुरबाडहून परत आली तसा कंडक्टर दारातूनच ओरडला, "वयनी, बाई म्हणतात दोनदा कापले. एकदाचे परत द्या!"

मी म्हटलं, "बाईंना सांगा, माझा बॉक्स एकदाच बोललाय."

गाडी गेली. बाईंचं घर मुरबाडच्या स्टँडला लागूनच, त्या लगेच गाडीच्या खिडकीपाशी हजर. पुढच्या फेरीला कंडक्टर परत आला. "बाई म्हणतात बॉक्सचं राहू द्या, मोबाईल बोललाय."

"मोबाईलला म्हणावं, बँकेत जाऊन बोल!"

असं संध्याकाळपर्यंत चाललं. माझ्याकडून तिकडे, तिकडून माझ्याकडे. गाडीतल्या लोकांना मजा वाटायला लागली. ड्रायव्हरच्या बाजूचे माझ्या बाजूने, दरवाजाकडचे बाईंच्या बाजूने. माझ्या बाजूचे कमी होते, ड्रायव्हर धरूनसुद्धा.

शेवटच्या फेरीला कंडक्टर खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"वयनी, दुपारपासून तुमचं भांडण माझ्या गाडीतून फुकट ये-जा करतंय. आता ह्यापुढे मी त्याला तिकीट फाडणार!"

प्लायवूडपलीकडून मनीषाचं हसू ऐकू आलं. ते मला तिकिटापेक्षा महाग पडलं.

*

मग मी ठरवलं, चूक कोणाची ते एकदा लेखी घेऊ आणि सासूबाईंच्या हातात देऊ. पैसे द्यायच्या ॲपचा टोल फ्री नंबर लावला. आमच्या दुकानात रेंज फक्त तांदळाच्या थप्पीवर चढलं की येते. चढले. पदर खोचून, एक हात छताच्या वाशाला धरून उभी.

ॲपवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय. गिऱ्हाईकाच्या बँकेशी बोला."

गिऱ्हाईकाच्या बँकेतला म्हणाला, "आमच्याकडून गेलेत. तुमच्या बँकेशी बोला."

माझ्या बँकेतला म्हणाला, "आमच्याकडे आलेच नाहीत. ॲपवाल्यांशी बोला."

म्हणजे ज्याच्याकडून गेले त्याची चूक नाही, ज्याच्याकडे आले नाहीत त्याची नाही आणि ज्याने नेले त्याचीही नाही. मग उरलं कोण? थप्पीवर उभी असलेली मी!

पुन्हा त्या मुलीला फोन लावला. गाणं वाजलं, ते संपलं, पुन्हा वाजलं. पाय सुन्न झाले. खाली गिऱ्हाईक येऊन मला बघून परत जातंय. शेवटी ती आली, आधीचंच सगळं पुन्हा सांगितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

मी म्हटलं, "बाय, एकदाच देऊ की दोनदा कापून घेशील?"

*

आमच्या ह्यांच्या जीपमध्ये मुरबाडहून दोन माणसं बसली. बोलणं निघालं मोबाईलच्या पैशांवरून. एक म्हणाला, "धसईला ती किराणावाली वयनी हाय ना, तिच्याकडं हटकून दोनदा कापतात."

दुसरा म्हणाला, "बाजूची टिकलीवाली बाई चांगली. लगेच रोख देते."

आमचे हे गप्प. गाडी चालवताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम, आणि घरी आल्यावर तर ते बोलतच नाहीत. कल्याण आलं, माणसं उतरली, पहिल्याने भाडं मोबाईलवरून दिलं. चक्र फिरलं. त्याने पुन्हा दाबलं. दोनदा कापले!

तेव्हा मात्र ह्यांना बोलावं लागलं. "आता सांगा. इथं वयनी हाय का? मंग चूक कोणाची? अहो, ती वयनी माझी बायको हाय. तिच्याकडं पण असंच होतं."

ह्यांना वाटलं, माणूस वरमेल. त्याने सोबत्याकडे वळून बघितलं आणि म्हणाला, "बघ! मी म्हटलं ना? घरातच शिकलेत!"

हे घरी आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, "तू पण रोख देत जा."

*

दिली! मीही दिली. म्हटलं, बघू तरी, मनीषाला जमतं ते मला का जमू नये?

दुसऱ्या दिवशी पाटीलकाका आले. आमचे जुने गिऱ्हाईक, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. साबण, चहापावडर, काडेपेटी घेतली. दोनदा कापले. काकांनी भांडायला बाह्या सरसावल्या, कारण त्यांना सवय आहे. मी काय केलं? हसले. मान तिरकी केली. मनीषा करते तशी.

"असूं द्या हो काका. मोबाईलच तो. हे घ्या." आणि रोख समोर धरली.

 काकांनी नोटा घेतल्या, उजेडात धरून बघितल्या, उलट्या करून बघितल्या.

"वयनी, बरं नाय का?"

"मला काय झालंय? चूक मोबाईलची, तुम्हाला कशाला त्रास?"

काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. हळूच गल्ल्यावर वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मागं जे कापले व्हते, ते पण तूच घेतले व्हते तर!"

सगळ्या बाजारपेठेत बातमी. वयनीने कबूल केलं! चार जण जुने मेसेज शोधत माझ्या दारात. सासूबाई दोनदा "हं" म्हणाल्या, आणि मी त्या दिवसापासून हसणं बंद केलं.

*

आता शहापूरच्या हळदीचं ऐका. माझं माहेर शहापूरचं. चुलतभावाच्या मुलीची हळद होती, आम्ही दोघी जावा सासूबाईंना घेऊन गेलो. माझं माहेर, माझी माणसं, तिथे तरी मी पुढे असेन की नाही?

हल्ली आहेराच्या टेबलावर पाकिटाबरोबर स्कॅनरही असतो. शेजारी एक माणूस माईक घेऊन बसतो आणि कोणी किती दिले ते पुकारतो. आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं, सारखाच आहेर करायचा. पाचशे एक. मी केला. बॉक्स बोलला, माईकवरून माझं नाव पुकारलं. "धसईच्या आत्याबाई, पाचशे एक!" छान वाटलं.

मग मनीषाने केला. चक्र फिरलं. तिने पुन्हा दाबलं. आणि नेमके त्या दिवशी तिचे दोन्ही वेळचे पोचले! बॉक्स दोनदा बोलला.

माईकवाल्याने बेरीज केली आणि उठून उभा राहिला. "धसईच्याच मनीषाताई! आत्याबाईंची जाऊ! एक हजार दोन!"

टाळ्या. माझ्या माहेरी! आमची काकू माझ्यासमोर मनीषाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "परकी असून किती करते गो." मनीषा सांगायला गेली, "अहो, चुकून..." तर काकू म्हणाली, "बघा, केलेलं बोलून पण दाखवत नाय!"

सासूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर गल्ला दिसत होता मला, आणि गल्ल्यावर मनीषा.

मला राहवलं नाही. मी आहेराच्या स्कॅनरचा गुपचूप फोटो घेतला, मांडवाच्या मागे गेले आणि पुन्हा पाचशे एक टाकले. जन्मात पहिल्यांदा मला मनापासून वाटत होतं की दोनदा कापावेत.

पेमेंट फेल!

*

ह्या सगळ्यात एक किस्सा असाही आहे की तिथे मी जिंकले. की हरले, तुम्हीच ठरवा.

पट्ट्यापट्ट्याचा शर्ट घालणारा एक माणूस बाजाराच्या दिवशी मनीषाकडे यायला लागला. आमच्या गावचा नाही, शहापूरकडून मोटारसायकलने यायचा. काहीतरी किरकोळ घ्यायचा, मोबाईल धरायचा आणि म्हणायचा, "ताई, दोनदा कापले." मनीषा ड्रॉवर उघडायची. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. रक्कम मात्र वाढत चालली. एक दिवस त्याने मोठं घड्याळ घेतलं, भिंतीवरचं, मोराचं.

"ताई, ह्याचे पण दोनदा कापले बघा."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि मी हातातलं माप तसंच तांदळात टाकून प्लायवूडच्या पलीकडे गेले.

"थांब गो मनीषा! काय रे, दोनदा कसले कापले? बॉक्स एकदाही बोलला नाय!"

"तुमी कोण?" तो म्हणाला.

"मी हिची जाऊ. माझं शरीर त्या बाजूला असतं, कान दिवसभर हिच्याच गल्ल्यात असतात. सकाळपासून हिच्याकडे कोणाचे किती आले ते मला पाठ आहे. दाखव मोबाईल!"

त्याने मोबाईल खिशात घातला. घड्याळ ठेवलं. मोटारसायकल सुरू करताना त्याची एक चप्पल राहिली, ती घ्यायलाही थांबला नाही. बाजारातले लोक हसत होते. गोमाभाऊसुद्धा म्हणाले, "वयनी, तुमचं जळणं कामाला आलं!"

दुकान बंद करताना मनीषा माझ्याकडे आली. स्टूल ओढून बसली. मला वाटलं, आभार मानेल. मी तयारीही केली होती, "असूं दे, असूं दे" म्हणायची.

ती म्हणाली, "ताई, मला तुमचा लई राग येतो."

मी हातातलं कुलूप गल्ल्यावर ठेवलं.

"तुमच्याशी माणसं भांडतात नि दुसऱ्या दिवशी परत येतात. मीठ न्यायला, तेल न्यायला, नायतर अजून भांडायला. ते पाटीलकाका सगळ्या बाजाराला तुमचं नाव सांगून आले आणि सकाळी चहापावडर तुमच्याकडूनच नेली. मी ज्याला रोख दिली ना, तो चार दिवसांनी बँकेतून पैसे परत आले की माझ्याकडे फिरकत नाय. रस्त्यात बघून तोंड फिरवतो. मी तरी काय करू? मला भांडायला येत नाय. भीती वाटते. म्हणून देते." तिचे डोळे भरले होते. "आई तुम्हालाच गल्ल्यावर बसवणार. मला ठाऊक हाय."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळतेय आणि ती माझ्यावर! तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, आणि ठेवलाही. पण मनात आलं ते सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं? मनात आलं, बघा, आता जळण्यातसुद्धा हिला वाटा हवा!

घरी जाऊन मात्र पोटभर जेवले.

*

दिवाळी झाली. पडवी गेली, प्लायवूड निघालं, एकच गल्ला मधोमध मांडला. पहिल्या दिवशी आम्ही दोघी नवीन साड्या नेसून आलो. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना.

सासूबाई आल्या. दोघींना नीट बघितलं. मग गल्ल्यामागची खुर्ची ओढली आणि स्वतः बसल्या. पदराखालून नवा स्कॅनर काढला, स्वतःच्या नावाचा, भावजींकडून गुपचूप करून घेतलेला, आणि गल्ल्यावर उभा केला.

"दोघी माल काढा," म्हणाल्या.

मला गल्ला मिळाला नाही. पण तिलाही नाही मिळाला! सांगते तुम्हाला, तांदळाचा कट्टा त्या दिवशी मी एकटीने उचलला. मनीषाही कुठलंसं गाणं गुणगुणत बांगड्या लावत होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली डोंगरपट्ट्यातली एक म्हातारी. सासूबाईंच्याच वयाची, मुरबाडला निघालेली, समोर एसटी उभी. साखर घेतली, नातीला बांगड्या घेतल्या. मोबाईल काढला, बटण दाबलं. चक्र फिरलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्हातारीने पुन्हा दाबलं.

दोनदा कापले.

मनीषाचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. माझं तोंड सवयीने उघडलं, "बँकेत..." सासूबाईंनी नुसता पंजा वर केला. दोघी जागच्या जागी थांबलो.

म्हातारी गल्ल्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "माजे दोनदा गेले गो बाय. आता सांग, चूक कोणाची?"

सासूबाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सुनांची."

म्हातारीने मान वळवली. मग एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मनीषाकडे बघितलं आणि मान डोलावली.

"आमच्यात पण तसंच हाय गो," म्हणाली, आणि पिशवी उचलून अगदी समाधानाने गाडीत जाऊन बसली.